पगारी सुट्ट्यांची यादी

जानेवारीत मुकादम सुट्ट्यांची यादी डकवतो
वजनकाट्याच्या वर, जिथे टरफलाचा धूर बसून
कागद शिमग्यापर्यंत तपकिरी होतो.
यंदा मी म्हटलं, शिरोडकरानू, एक दिवस वाढवा.
"कोणाची जयंती?"
काजूच्या माहेरची.
रोजालीन हसली, तिच्या हातातली बी उडाली.
शिरोडकर हसले नाहीत.
"सायबांक इचारूक व्हया."
म्हणजे नाही.

हे खूळ रायमुंदोचं.
गुणाजीच्या, माझ्या भावाच्या बोटीवरचा ऑइलमन, ब्राझीलचा.
बोट वास्कोला दुरुस्तीला लागली तेव्हा
दोघे स्कूटरवरून वेंगुर्ल्याला आले, भर भाद्रपदात,
चिखलाने गुडघ्यापर्यंत सारखेच.
पाय धुवायला निघालेला रायमुंदो वाटेतच थांबला.
बुंध्यावर तळहात ठेवून म्हणाला, "काजू."

आम्ही कोणी शिकवलं नव्हतं.

मग बांधावरचा अननस, तोही नावानिशी ओळखला.
पेरूपाशी मात्र अडलं:
पेरू म्हणजे त्याच्या शेजारचा देश.
आई म्हणाली, असांदे, मीठ-मिरची लावून खा.
मिरचीही तिकडचीच निघाली.
सीताफळाचं गुणाजीने आईला सांगितलंच नाही,
वनवासाची वाट एवढी लांबवायची कशी?

जेवणं झाल्यावर पडवीत तो जरा गप्प झाला.
मग अर्धं खुणांनी, अर्धं गुणाजीच्या तोंडून सांगितलं:
काजू हे नाव ज्यांनी पहिल्यांदा उच्चारलं
ते लोक आता थोडेच उरलेत.
बी गलबतात चढली, नावही चढलं.
त्यांना कोणी विचारलं नव्हतं.
त्याच्या आईच्या आजीचे आजोबा दुसऱ्या गलबतातून आलेले, साखळीने बांधून.
त्यांनाही नाही.
आमच्याकडेही ते तोफांसकट उतरले होते, मी म्हटलं.
गुणाजीने याचं भाषांतर केलं की नाही, कोण जाणे.

माझी बोटं बघून त्याने फोनवर आई दाखवली.
तीही बी फोडते. चिकाने जळलेली तीच काळी बोटं.
रेशनच्या मशीनवर माझा अंगठा उमटत नाही,
तिकडे बँकेत तिचाही नाही.
एवढ्या मोठ्या समुद्राच्या दोन काठांवर
दोन बायका, पुराव्याशिवाय.

काल संकष्टी होती.
पहाटे खिचडी ढवळताना सहज मोजू लागले:
साबुदाणा त्यांच्या कंदाचा.
शेंगदाणा त्यांचा. बटाटा त्यांचा.
मिरचीचं झालंच सांगून.
वर आईसाठी उकडलेलं रताळं.
आमचं काय, तर तूप, जिरं
आणि चंद्र उगवायची वाट बघणं.
झारा हातातच राहिला.
जे सोवळ्यात चालतं ते सगळं परदेशी,
आणि यादीत दिवस मागत मी हिंडतेय!
डब्यात घालून नेली. शिरोडकरही उपाशी होते,
दोन घास त्यांना दिले. काही बोलले नाहीत.
मीही नाही.

एक राहिलं.
जाताना मी विचारलं होतं, तुझी आई उपास करते?
करते, म्हणाला, येशूच्या मरणाच्या शुक्रवारी.
मग खाते काय?
मासे. नारळाच्या रसात. भाताबरोबर.
आमच्याकडे नारळ खूप, तुमच्याच बाजूने आलाय म्हणतात,
आणि दारात आंबा.
आई चुलीपुढून ओरडली, उपासाक मासे?

आता पाळी संपली की बंदराकडे जाऊन बसते कधी कधी.
वाटतं, पलीकडेही एखादी यादी असेल भिंतीवर,
आणि तिच्यासमोर उभी एक बाई,
बोटं पदराला, म्हणजे जे काय असेल त्याला, पुसत
मुकादमाला म्हणत असेल:
एक दिवस वाढवा.
कुणासाठी?
नारळाच्या माहेरासाठी.

आणि तिच्याही शेजारची कुणी हसली असेल.